डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे

३ नोव्हेंबर १९९८

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी आज पुन्हा खडू हातात घेतला. शिवांजली माझी बी.एड.ची विद्यार्थिनी. तिचा नवरा राजशेखर याचा एमआयडीसीत ओतकामाचा कारखाना आहे. माल परदेशी पाठवायला लागणारे कसलेसे प्रमाणपत्र त्याला हवे आहे आणि त्यासाठी कामगारांना रीतसर प्रशिक्षण दिल्याचे दाखवावे लागते. नवीन भरती होणाऱ्या माणसांना जुन्यांनी शिकवायचे आणि जुन्यांना शिकवायचे कसे ते मी शिकवायचे. मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते पाच.

वर्ग कॅन्टीनच्या माडीवर आहे. फळा नवा, खिडकी एक. विद्यार्थी अकरा, सगळे दहा वर्षांहून जुने. सर्वांत वडील जोतीराम, सर्वांत बोलका हंबीरराव, सर्वांत गप्प वीरेश. वीरेश अठ्ठावीस-तीसचा असेल. पहिल्याच तासाला त्यांना सांगितले की मोठ्या माणसाला शिकवताना पहिली अडचण ही की त्याला वाटते आपल्याला येते. दुसरी अडचण ही की त्याला खरेच येत असते. हंबीरराव म्हणाला, "मग आमी घरी जावं का बाई?" हसू दिले. पहिल्या दिवशी थोडे हसू द्यावे.

राजशेखरने जाताना सांगितले की मार्चमध्ये अपघात झाला होता. रुद्राप्पा नावाचा भट्टीवरचा जुना मिस्त्री गेला. ओल्या लेडलमध्ये रस ओतला आणि स्फोट झाला. लेडल म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा रस वाहून न्यायची मोठी बादली. तिला आतून मातीचे अस्तर असते आणि ते वाळलेले नसले तर रस उसळतो. अहवालात चूक मिस्त्रीचीच आली आहे. राजशेखर म्हणाला, फार वर्षे काम केले की माणूस बेफिकीर होतो. हे मला पटले. शिक्षकांचेही तसेच होते.

वीरेश त्याच रुद्राप्पाचा मुलगा आहे, हे मात्र राजशेखरने सांगितले नाही. हजेरीपटावर वडिलांचे नाव वाचून मला कळले.

६ नोव्हेंबर

पाच-पाच मिनिटांचे सराव पाठ घेतले. विषय सोपे होते, हातमोजे कसे घालावेत, साचा कसा झाडावा. ज्ञान उत्तम, सादरीकरण वाईट. एक खोड मात्र सगळ्यांना आहे. फळ्यासमोर मधोमध कोणी उभा राहात नाही. प्रत्येक जण मधल्या जागेच्या डाव्या बाजूला, अर्धे पाऊल मागे उभा राहतो आणि बोलताना मान त्या रिकाम्या जागेकडे वळवतो, एखाद्याची परवानगी घेत असल्यासारखा. अकराच्या अकरा जण.

मी फरशीवर खडूने वर्तुळ काढले आणि पाय आत ठेवून बोलायला सांगितले. एकही आत गेला नाही. जोतीराम कडेला जाऊन थांबला. हंबीररावाला मी नाव घेऊन बोलावले तर तो म्हणाला, "तितं नगं बाई. पोळतंय."

या वेळी हसू दिले नाही. पण त्याच्याही तोंडावर हसू नव्हते.

१० नोव्हेंबर

सांगून जमत नसेल तर करून दाखवावे. आज मी स्वतः वर्तुळात उभी राहिले आणि नमुना पाठ दिला. विषय चहा करणे. मोठ्यांच्या वर्गात नेहमी सर्वांना येणारीच गोष्ट घ्यावी, म्हणजे लक्ष विषयाकडे न जाता पद्धतीकडे जाते. कॅन्टीनमधून स्टोव्ह आणि पातेले मागवले होते.

मी आत पाय ठेवल्याबरोबर जोतीरामने डोक्यावरची टोपी काढली. बाकीचे उठून उभे राहिले. मी बसा म्हटले तेव्हा बसले, पण फार हळू. खोलीत जळक्या काकवीचा वास येत होता. साच्याच्या रेतीत इथे काकवी घालतात, तो खालून येत असावा. खिडकी बंद होती.

पाठ चांगला झाला. टाचणात नसलेली एक कृती मात्र माझ्याकडून झाली. पाणी ओतण्याआधी मी चमच्याने पातेल्यावर तीन टोले दिले आणि कान लावला. लक्ष वेधून घेण्यासाठी केले असावे. परिणाम चांगला झाला, अकराही जण श्वास रोखून बघत होते. नंतर कोणी प्रश्न विचारले नाहीत. खाली उतरताना वीरेश माझ्या पाया पडला. मला हे प्रकार आवडत नाहीत आणि मी तसे सांगितले.

१३ नोव्हेंबर

महत्त्वाचा तास. कामाचे तुकडे पाडून पायऱ्यांचे कार्ड तयार करणे. रुद्राप्पाच्या अपघातामुळे राजशेखरला लेडलचे कार्ड सर्वांत आधी हवे आहे. त्यांनी तोंडी सांगितले, मी फळ्यावर लिहिले. आठ पायऱ्या झाल्या. सहावी अशी: सळईने तीन टोले द्यायचे आणि कान द्यायचा.

मी विचारले, कशासाठी? जोतीराम म्हणाला, पहिल्यापासून करतात. मी पुन्हा विचारले, केले नाही तर काय होते? हंबीरराव खाली बघत राहिला. एरवी वर्गात माशी उडाली तरी बोलणारा माणूस. मी त्यांना नियम सांगितला की कारण सांगता आले नाही तर ती पायरी नव्हे, ती सवय, आणि सवय कार्डावर येत नाही. सहावी पायरी पुसली. वीरेश उठून न विचारता बाहेर गेला. गैरहजेरी लावली.

राजशेखरला सात पायऱ्यांचे कार्ड दिले. त्याने सर्वांत आधी टोल्यांचे काय झाले ते विचारले. काढले म्हटल्यावर मोकळा हसला. म्हणाला, "बरं केलंत बाई. त्या टकटकीत लई वेळ जातो." कार्डाखाली माझी सही घेतली. ते प्लॅस्टिकमध्ये घालून भट्टीजवळ लावणार आहेत.

एका तासात अंधश्रद्धा काढून टाकली म्हणून समाधान वाटायला हवे होते. घरी येऊन दोनदा कार्ड वाचले. व्याकरण बरोबर आहे.

१५ नोव्हेंबर

अक्का म्हणते, मी दूध ओतण्याआधी पातेल्यावर टोले देते. म्हणे चार दिवस चालले आहे. थोरली बहीण असली तरी तिला हल्ली कमी दिसते आणि जास्त ऐकू येते. मी असले काही करत नाही.

१७ नोव्हेंबर

वर्गात कोणीतरी बाक वाजवत होते. तीन टोले, थोडे थांबून पुन्हा तीन. मोठ्या माणसांचा वर्गात अपमान करू नये हा माझाच नियम आहे, पण शेवटी मी सर्वांना दोन्ही हात बाकावर पालथे ठेवायला लावले. बावीस हात माझ्यासमोर होते. टोले पुन्हा आले. फळ्याच्या बाजूने, खालून, फरशीवर वर्तुळ आहे तिथून.

कोणी तिकडे वळून पाहिले नाही. ते सगळे माझ्याकडे पाहात होते, मी आता काय करते म्हणून.

खिडकीचे दार सैल असणार. सुताराला चिठ्ठी दिली. वर्तुळ ओल्या फडक्याने पुसून घेतले.

२० नोव्हेंबर

वर्तुळ परत होते. शिपाई म्हणतो त्याने काढले नाही. खडू हलका लागला आहे आणि रेघ मी काढते तशीच, खालून सुरू करून डावीकडे जाणारी. पुसण्यात वेळ घालवला नाही. विषय: चुकणाऱ्याला चारचौघांत न लाजवता दुरुस्त कसे करावे. तास बरा झाला.

डावा खांदा गरम वाटतो. ताप नाही, थर्मामीटर लावून पाहिले.

२४ नोव्हेंबर

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहिते.

वीरेशचा पाठ होता, विषय लेडल. आज उलट विचारण्याची पद्धत घ्यायची होती. त्यात शिकवणारा प्रश्न विचारतो आणि नवखा उत्तर देतो. नवखी म्हणून मी बाकावर बसले. वीरेश कार्ड हातात घेऊन पाचव्या पायरीपर्यंत नीट आला. मग त्याने कार्ड टेबलावर पालथे ठेवले आणि विचारले, "बाई, अस्तर वाळलंय का न्हाई, कसं वळकायचं?"

हे कार्डावर नाही. मला उत्तर माहीत असायचे कारण नाही. तरी मी बोलले. "वाळलं आसंल तर घंटेगत बोलतंय. वलं आसंल तर तोंड मिटून बसतंय." ही माझी भाषा नव्हे. साठ वर्षांत मी असे बोललेले नाही.

त्याने विचारले, "आनि वलं आसंल तर?"

"तर मालक उभा ऱ्हाऊ दे न्हाईतर देव. वतायचं न्हाई."

वीरेश म्हणाला, "त्या दिवशी अप्पा हेच म्हनले हुते." मग तो खाली बसला, फरशीवरच.

मी दार लावून घेतले आणि जोतीरामला बोलायला सांगितले. त्याने सांगितले ते थोडक्यात असे. मार्चमध्ये त्या दिवशी राजशेखरबरोबर गिऱ्हाईक आले होते, माल निघायची घाई होती. रुद्राप्पाने टोले दिले, कान दिला आणि ओले आहे म्हणाला. राजशेखर सर्वांसमोर म्हणाला, कारखाना तुझ्या कानावर चालतो का माझ्या शब्दावर? दुसऱ्याला ओतायला सांगितले. तो दुसरा हंबीरराव. रस उसळला तेव्हा रुद्राप्पाने त्याला ढकलून दिले आणि त्याच्या जागी स्वतः सापडला. नंतर मिस्त्रीची चूक असा कागद आला आणि अकरा जणांनी त्यावर सह्या केल्या. वीरेशनेही. त्याची बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती आणि नोकरी जाईल असे सांगण्यात आले होते.

म्हणजे सहाव्या पायरीचे कारण सगळ्यांना माहीत होते. ते सांगायचे तर मार्च सांगावा लागला असता.

हंबीरराव म्हणाला, "तुमी तवा एकदा आजून इचारलं आसतं, बाई, तर मी बोललो आसतो." मी दोनदा विचारले होते. तिसऱ्यांदा विचारायला हवे होते. उत्तर येत नाही तेव्हा थांबावे, घाईने पुसू नये, हे मी सव्वीस वर्षे दुसऱ्यांना शिकवले आहे.

उस्तादाकडून काम शिकताना त्याच्या डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे उभे राहायचे, अशी भट्टीवरची रीत आहे. रस उडाला तर आधी त्याच्यावर उडावा आणि त्याचा उजवा हात मोकळा राहावा म्हणून. जोतीरामने हेही सांगितले. मी वर्तुळाबद्दल काही विचारले नव्हते.

२७ नोव्हेंबर

राजशेखरच्या केबिनमध्ये गेले. कार्ड चुकले आहे, सहावी पायरी परत घाला, असे सांगितले. चार डिसेंबरला नव्या भट्टीचे पहिले ओतकाम आहे. प्रमाणपत्रवाले पुण्याहून येणार, नवी सहा माणसे कार्ड वाचून काम करून दाखवणार आणि त्यांना शिकवणारा म्हणून लेडलशी वीरेश उभा राहणार. नवे अस्तर लागून तेव्हा जेमतेम दोन दिवस झालेले असतील.

राजशेखरने चहा मागवला. तो फार अदबीने बोलतो. म्हणाला, कार्डाची प्रत पुण्याला गेली, आता बदलता येणार नाही. टोल्यांचा कसलाही शास्त्रीय आधार नाही. मग उठून दारापर्यंत पोचवायला आला. "आनि बाई, पायरी तुमीच काढली की. सही तुमचीच हाय." वर्ग संपले असे समजावे, मानधनाचे पाकीट घरी येईल.

वीरेशला मी म्हटले, त्या दिवशी रजा घे. तो म्हणाला, मग त्या सहांतला एक जण उभा राहील.

१ डिसेंबर

आज मंगळवार. तीन वाजता नकळत पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि परत आले.

स्पष्ट लिहायला हवे. माझ्या आयुष्यात मी अनेकांना नापास केले, पण माझ्या चुकीने कोणाच्या जिवाला धोका झाला नव्हता. अहवालावर अकरा सह्या आहेत. कार्डावर माझी एक आहे. कोणती जास्त वाईट, हे ठरवता येत नाही. त्यांना भीती होती. मला कोणाची भीती होती?

अक्काने दुपारी विचारले की स्वयंपाकघरात तुझ्याशी कोण बोलत होते. मी एकटीच होते. ती म्हणाली, पुरुषाचा आवाज होता, कानडी हेल होता, आणि तू "व्हय, व्हय" म्हणत होतीस. तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवे.

४ डिसेंबर

बोलावणे नसताना गेले. गेटवर रखवालदाराऐवजी हंबीरराव उभा होता. त्याने आत सोडले.

अकरा वाजता ओतकाम होते. भट्टीपासून चाळीस पावलांवर पाहुण्यांसाठी खुर्च्या होत्या, मी त्यांच्या मागे उभी राहिले. माझे कार्ड खांबावर लटकत होते. सहा नवी माणसे एकेक पायरी मोठ्याने वाचत होती आणि पुण्याचे दोघे खुणा करत होते. वाचन स्वच्छ होते. पाचवी पायरी झाली. मग त्यांनी जी सहावी म्हणून वाचली ती खरी सातवी: इशारा देऊन रस ओतणे. वीरेशने हात वर केला. त्याचे तोंड मला दिसत नव्हते.

तेव्हा टोले ऐकू आले. तीन. बोथट, भिजल्या पोत्यावर मारल्यासारखे.

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. मी लेडलला लागून उभी होते. ती चाळीस पावले मी कधी चालले ते सांगता येत नाही. उजव्या हातात सळई होती. मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली आणि हाताला माती लागत होती. काळी, शेतातली असते तशी. भट्टीवर असली माती वापरत नाहीत. टोले मीच दिले असले पाहिजेत, कारण सळई माझ्या हातात होती.

मी म्हणाले, "थांबा."

राजशेखर हसत पुढे आला. पाहुण्यांना म्हणाला, आमच्या बाई आहेत, वय झाले आहे. मग मला खालच्या आवाजात बाजूला व्हायला सांगितले. मी हलले नाही. माझी उजवी बाजू भट्टीकडे होती, पण पोळत होता तो डावा खांदा.

वीरेशने वर केलेला हात खाली घेतला. तो चालत आला आणि माझ्या डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे उभा राहिला. त्याच्यामागे जोतीराम. मग गेटवरून पळत आलेला हंबीरराव. मग एकेक करून सगळे. लेडलला कोणी हात लावला नाही. नवी सहा माणसे आधी बघत राहिली, मग तीही येऊन मागे उभी राहिली.

पुण्याच्या माणसाने विचारले, हे काय चालले आहे? राजशेखर उत्तर देऊ लागला तेव्हा जोतीराम मध्ये बोलला. म्हणाला, सायेब, ही सहावी पायरी हाय, मी शिकीवतो. आणि त्याने शिकवले. आधी काय करायचे, मग कसे, मग का. का सांगताना त्याने मार्च सांगितला, तारखेसकट, कोण कुठे उभे होते त्यासकट, अकरा सह्यांसकट. आवाज चढवला नाही. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबला. मी आजवर तपासलेल्या पाठांत याहून चांगला पाठ मला आठवत नाही. मालकासमोर त्याने पहिल्यांदा तोंड उघडले होते, आणि हंबीरराव मध्येच म्हणाला, "वतनारा मी हुतो. ल्हिवा माजं नाव."

मग त्यांच्याच समोर अस्तर फोडले. वरून दगडासारखे होते. चार बोटे आत माती थापीला चिकटली.

राजशेखर तेव्हा तिथे नव्हता. केबिनमध्ये फोन वाजत होता, असे कोणीतरी म्हणाले.

८ डिसेंबर

सकाळी शिवांजली आली होती. फार रडली. मार्चचा कागद पुन्हा उघडणार आहेत, कामगार खात्याचा माणूस येऊन जबाब घेऊन गेला. तिने मला दोष दिला नाही, आणि मीही तिला बरे वाटेल असे काही बोलले नाही. निघताना तिने विचारले, बाई, वर्ग पुन्हा घ्याल का? पुण्याच्या लोकांनी तशी अट घातली आहे. घेईन म्हणाले, आजपासूनच. नवे कार्ड आठ पायऱ्यांचे असेल आणि प्रत्येक पायरीपुढे 'का' असा रकाना असेल. रिकामा रकाना मला चालणार नाही, आणि माझ्या सहीच्या वर त्यांच्या सह्या असतील.

दुपारी वर्गाआधी सळई परत करायला वीरेशकडे गेले. मी ती चार तारखेला पिशवीत घालून घरी आणली होती, हेही मला अक्काने दाखवले तेव्हा कळले. वीरेशने ती हातात घेतली नाही. शेजारी उभ्या जोतीरामने मुठीची तार पाहिली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बाई, ही आमी कागलच्या रानात रुद्राप्पासंगं पुरलीया. त्येंच्यात जाळत न्हाईत, बसवून माती देत्यात. मीच मांडीवर ठिवल्याली."

मी त्याला सांगितले की सळया सगळ्या सारख्याच दिसतात आणि तांब्याची तार कोणीही गुंडाळू शकतो. तो व्हय म्हणाला. वीरेश म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. त्येंनी दिलीया." मोठ्या माणसांशी अशा गोष्टींवर वाद घालू नये. सळई फळ्याच्या कोपऱ्यात उभी केली आहे, दाखवायला उपयोगी पडेल.

तीन वाजता वर्ग सुरू केला. अकरा जुने, सहा नवे. विषय: ऐकणे. सर्वांनी वह्या आणल्या होत्या. हंबीररावाने विचारले, बाई, आज हसलं तर चालंल का? चालेल म्हणाले.

वर्तुळ आज पुसले नाही. तास संपल्यावर लक्षात आले की पूर्ण दोन तास मी त्याच्या डाव्या हाताला, अर्धे पाऊल मागे उभी होते. तिथून फळा चांगला दिसतो.